रूळ कोणाचे, हुकूम कोणाचा? : बंगळुरूच्या लोकलची गोष्ट

मागच्या भागात आपण दख्खनच्या पठारावरच्या लष्करी छावण्यांविषयी बोललो. आज त्यातल्याच एका छावणीतून निघालेल्या रुळांवरून पुढे जायचं आहे. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी बंगळुरूत स्थायिक झालो. या शहरात आपली मराठी मुलं हजारोंनी नोकरी करतात. माझा एक पुतण्या त्यांतलाच, राहतो केंगेरीकडे आणि ऑफिस व्हाइटफील्डला. तो मला विचारतो, "काका, मुंबईला लोकल आहे, चेन्नईला आहे. इथे रूळ तर चहूबाजूंनी येतात, मग लोकल का नाही?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर लांब आहे. रूळ नाहीत म्हणून लोकल नाही, असं नाही. योजना नाही म्हणून नाही, असंही नाही. योजना १९८३ पासून आहे. पैसा मंजूर आहे. त्यासाठी कंपनीसुद्धा आहे. तिचं नाव रेल इन्फ्रास्ट्रक्चर डेव्हलपमेंट कंपनी (कर्नाटक) लिमिटेड, बोलीभाषेत के-राइड. तिच्यात ५१ टक्के भाग राज्य सरकारचा आणि ४९ टक्के रेल्वे मंत्रालयाचा. तरीही गाडी धावत नाही. का, ते समजायचं तर दीडशे वर्षं मागे जावं लागतं. कारण सरकारच्या पाठबळावर रेल्वे बांधणारी कंपनी ही या देशात नवी गोष्ट नाही. आपली रेल्वे सुरूच तशी झाली.

छावणीची रेल्वे

श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडलं. पुढच्या दहा वर्षांत इंग्रजांनी तिथली फौज बंगळुरूला हलवली, कारण श्रीरंगपट्टणची हवा शिपायांना मानवत नव्हती. तेव्हापासून बंगळुरू म्हणजे दोन गावं झाली. एक जुनी पेठ. केंपेगौडांनी वसवलेली, मधल्या काळात आपल्या शहाजीराजांच्या जहागिरीत राहिलेली, आणि पुढे मैसूर संस्थानची. दुसरी इंग्रजांची छावणी, म्हणजे कॅन्टोन्मेंट. दोन्हींचा कारभार वेगळा, भाषा वेगळी, बाजार वेगळा.

मद्रासकडून आलेली पहिली रेल्वे कुठे थांबली? पेठेत नाही, कॅन्टोन्मेंटला. १ ऑगस्ट १८६४ रोजी जोलारपेट ते बंगळुरू कॅन्टोन्मेंट ही ब्रॉडगेज लाइन सुरू झाली. रेल्वे फौजेसाठी आणि मद्रास बंदरासाठी होती. पेठेतल्या विणकराला ती गैरसोयीची पडली तर कोणाला विचार करायचं कारण नव्हतं.

ही लाइन बांधली मद्रास रेल्वे कंपनीने. कंपनी लंडनची, भागधारक तिकडचे. पण त्यांना हिंदुस्थान सरकारने हमी दिलेली होती, की तुमच्या भांडवलावर पाच टक्के व्याज मिळेलच. लाइन तोट्यात गेली तर फरक आमच्या तिजोरीतून भरू. आपल्या बोरीबंदर-ठाणे लाइनच्या जी. आय. पी. कंपनीलाही हीच हमी होती. म्हणजे बांधणारी कंपनी खाजगी आणि जोखीम रयतेची. या पद्धतीवर दादाभाई नौरोजींसारख्यांनी कडाडून टीका केली, ती उगाच नव्हे. ज्याचा पैसा बुडत नाही, तो खर्चाला लगाम घालत नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. लाइन बांधताना तीन माणसं असतात. एक, लाइन कुठून जाईल हे ठरवणारा. दुसरा, पैसा घालणारा. तिसरा, रुळांवर गाडी चालवणारा. ही तीन माणसं एका हुकमाखाली असली तर काम होतं. वेगळी असली तर काय होतं, ते आता पाहू.

दुष्काळ, मैसूर आणि सदर्न मराठा

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्याकडे सोलापूर-विजापूरला बसला, तसाच मैसूर संस्थानाला बसला. माणसं लाखोंनी मेली. धान्य मद्रासच्या बंदरात येऊन पडत होतं, पण आतल्या भागात पोचवायला रूळ नव्हते. बैल आधीच मेले होते, त्यामुळे गाड्या हाकायच्या कशा? या अनुभवानंतर मैसूरने ठरवलं की रेल्वे बांधायची, आणि स्वतःच्या पैशाने बांधायची. दुष्काळी कामावर आलेल्या मजुरांनी भराव घातले. १८८१ मध्ये इंग्रजांनी राज्य पुन्हा वाडियार घराण्याच्या हाती दिलं. दिवाण रंगाचार्लूंनी रेल्वेचं काम पुढे रेटलं. १८८२ मध्ये बंगळुरू-मैसूर मीटरगेज लाइन पूर्ण झाली. मग तुमकूरकडे, गुब्बीपर्यंत काम सरकलं.

तिथे पैसा संपला. दुष्काळाचं कर्ज डोक्यावर होतं आणि इंग्रजांची खंडणी चालूच होती. मग १८८६ मध्ये मैसूरने आपली लाइन एका कंपनीकडे चालवायला दिली आणि हरिहरपर्यंतचं पुढचं कामही तिच्याकडे सोपवलं. या कंपनीचं नाव सदर्न मराठा रेल्वे. नाव ऐकून छाती फुगवू नका, कंपनी लंडनचीच! पण कृष्णेच्या दक्षिणेकडच्या, पटवर्धन आणि घोरपडे सरदारांच्या मुलखाला इंग्रज 'सदर्न मराठा कंट्री' म्हणत, त्यावरून हे नाव आलं. तिचं मुख्य ठाणं धारवाडला होतं. तिच्याचमुळे १८९० च्या सुमारास पुण्याहून मिरज, लोंढा, हुबळी, हरिहर असं करत बंगळुरूपर्यंत सलग मीटरगेज झाली.

आपल्या बाजूलाही तेच चाललं होतं. मिरज-कोल्हापूर लाइन कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या पैशाने बांधली. ती १८९१ मध्ये सुरू झाली, पण चालवायला सदर्न मराठाकडेच दिली. पैसा दरबाराचा, गाड्या कंपनीच्या. आज कोल्हापूरच्या स्टेशनला शाहू महाराजांचं नाव आहे. त्यामागे हा इतिहास आहे.

मैसूरला या व्यवस्थेचा त्रास लवकरच जाणवू लागला. दर कंपनी ठरवणार, वेळापत्रक कंपनी ठरवणार आणि माल कोणत्या बंदराकडे वळवायचा तेही कंपनीच्या सोयीने. संस्थानाने लाइन बांधली, पण ती वापरायची कशी यावर त्याचा अधिकार राहिला नाही. वर गेजचं दुखणं होतं. मद्रासकडून येणारी ब्रॉडगेज आणि पुण्या-मैसूरकडची मीटरगेज यांची गाठ बंगळुरूत पडे. प्रत्येक पोतं एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत टाकावं लागे. हे पुढे शंभर वर्षं चाललं. मी नव्याने फौजेत गेलो तेव्हासुद्धा मुंबई-पुण्याहून बंगळुरूला निघालेला माणूस मिरजेला उतरून, ट्रंक आणि होल्डॉल हमालाच्या डोक्यावर देऊन, समोरच्या मीटरगेजच्या गाडीत चढायचा.

विश्वेश्वरय्यांची छोटी गाडी

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्याला परके नाहीत. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे इथे राहिले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. १९१२ ते १९१८ ते मैसूरचे दिवाण होते. रेल्वे दुसऱ्याच्या हाती असेल तर उद्योगाची आखणी आपल्या हाती राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या काळात संस्थानाने स्वतःचं रेल्वे बांधकाम जोरात सुरू केलं. मैसूर-हासन-अरसीकेरे लाइन याच काळातली. १९१९ मध्ये संस्थानाने आपल्या काही लाइनी स्वतः चालवायला घेतल्या, आणि १९३८ मध्ये हरिहरची मुख्य लाइनही परत आपल्या ताब्यात घेतली. म्हणजे १८८६ मध्ये हातातून गेलेला हुकूम परत यायला पन्नासच्या वर वर्षं लागली.

याच काळात एक छोटी लाइन झाली, आणि आपल्या गोष्टीत तिचं महत्त्व मोठं आहे. बंगळुरू-चिक्कबळ्ळापूर लाइट रेल्वे. नॅरोगेज, अडीच फुटांची. स्थानिक भागभांडवल आणि मैसूर सरकारचं पाठबळ यांवर उभी राहिलेली कंपनी. यलहंका ते चिक्कबळ्ळापूर हा भाग १९१५ मध्ये सुरू झाला आणि पुढे तीनेक वर्षांत बंगळुरू शहराला जोडला गेला. शेतकरी, व्यापारी, रेशमाचे कोष, भाजीपाला, नंदीच्या डोंगरावर हवा खायला जाणारे लोक, सगळे त्या गाडीने जायचे. वाटेतलं एक गाव देवनहळ्ळी.

देवनहळ्ळी नाव ओळखीचं वाटलं ना? टिपू सुलतानचं जन्मगाव. आणि २००८ पासून बंगळुरूचा विमानतळ तिथेच आहे. म्हणजे ज्या विमानतळाला जायला आज टॅक्सीला दीड-दोन तास लागतात, त्याच्या शेजारून १९१५ मध्ये रेल्वे जात होती! ती लाइन आता ब्रॉडगेज आहे, ती आजही तिथूनच जाते. २०२१ मध्ये विमानतळाच्या हद्दीजवळ एक हॉल्ट स्टेशनही झालं. पण दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात, आणि त्या विमानाच्या वेळांशी जुळत नाहीत. तेव्हा रूळ नाहीत असं म्हणता येत नाही. त्या रुळांवर शहरासाठी गाडी सोडायचा अधिकार शहराकडे नाही, अडचण ती आहे.

एकच मालक, तोही लांब

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली, कंपन्या गेल्या, राज्यघटनेने रेल्वे केंद्राच्या यादीत टाकली. १४ एप्रिल १९५१ रोजी मद्रास अँड सदर्न मराठा, साउथ इंडियन आणि मैसूर स्टेट रेल्वे मिळून दक्षिण रेल्वे तयार झाली. मुख्यालय मद्रासला. देशाच्या दृष्टीने हे योग्यच होतं. लढाईच्या काळात पठाणकोटपर्यंत रसद न्यायची तर बेचाळीस कंपन्यांशी करार करत बसता येत नाही. ६५ आणि ७१ मध्ये फौजा ज्या वेगाने हलल्या, तो एका मालकाच्या रेल्वेमुळेच.

पण याची दुसरी बाजूही होती. एका मालकाची नजर लांबच्या गाड्यांवर. कर्नाटकातली कामं मद्रासच्या यादीत खाली राहायची, ही तक्रार तिथे पन्नास वर्षं होती. हुबळीला मुख्यालय असलेली दक्षिण पश्चिम रेल्वे व्हायला २००३ साल उजाडलं. दरम्यान १९८३ मध्ये दक्षिण रेल्वेच्याच अभ्यासगटाने बंगळुरूसाठी मेट्रो, उपनगरी गाड्या आणि शहराभोवती ५८ किलोमीटरची वर्तुळाकार रेल्वे सुचवली होती. तेव्हा शहर तीस लाखांचं होतं, जागा मोकळ्या होत्या. अहवाल कपाटात गेला.

कंपनी परत आली

आता १९९० वर या. केंद्रात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, मधू दंडवते अर्थमंत्री, आणि योजना आयोगाचे उपाध्यक्ष रामकृष्ण हेगडे. एक मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार, तिसरा उत्तर कन्नडचा. तिघेही पश्चिम किनाऱ्याशी जोडलेले. कोकणात रेल्वे न्यायची तर रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून पन्नास वर्षं लागतील, हे दिसत होतं. मग जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं. रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा लोकांना रोखे विकून उभा केला.

काम काय होतं? रोहा ते ठोकूर, सुमारे ७४० किलोमीटर. एक्क्याण्णव बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल, आणि सुमारे बेचाळीस हजार जमीनमालक. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण लाइन सुरू झाली. आठ वर्षांत! याचं श्रेय लोक ई. श्रीधरन यांना देतात, ते योग्य आहे. पण त्यांना काय दिलं होतं, तेही पाहा. सुरुवातीपासून एकच प्रमुख, रेल्वेत आयुष्य घालवलेला. जागेवर निर्णय घेण्याची मोकळीक. आणि सर्वांत मोठं, बांधणारी आणि चालवणारी संस्था एकच. मी मघाशी सांगितलेली तिन्ही माणसं एका छपराखाली होती.

तरी सगळं गोड नव्हतं. गोव्यात मार्गावरून मोठं आंदोलन झालं. काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमावा लागला. आणि कर्जाचं ओझं कंपनीच्या मानगुटीवर राहिलं. भाड्यासाठी अंतर वाढवून धरतात, हे कोकणातल्या माणसाला तिकीट काढताना कळतं. दुपदरीकरणाला पैसा उभा राहिना. शेवटी २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही ही कंपनी भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली. कंपनीने बांधकाम जिंकलं, पण पुढची तीस वर्षं स्वतःच्या पायावर चालणं जड गेलं. दोन्ही धडे घ्यायला हवेत.

के-राइड : घाटात जमलं

कर्नाटकाने कोकण रेल्वेचा प्रयोग जवळून पाहिला होता. नोव्हेंबर २००० मध्ये त्यांनी के-राइड स्थापन केली. राज्याला हवी असलेली रेल्वेची कामं स्वतः पुढाकार घेऊन उरकायची, हा हेतू. आणि पहिलंच काम अवघड होतं. हासन-मंगळूर लाइन.

ही लाइन सकलेशपूरहून सुब्रह्मण्यपर्यंत पश्चिम घाट उतरते. सत्तावन्न बोगदे आहेत. मीटरगेजची लाइन १९७९ मध्ये पूर्ण झाली होती. ब्रॉडगेज करण्यासाठी १९९६ मध्ये ती बंद केली आणि काम रेंगाळलं. बंदर एका बाजूला, खाणी आणि कारखाने दुसऱ्या बाजूला, मध्ये बंद पडलेला घाट. मग २००३ मध्ये राज्य, रेल्वे आणि के-राइड यांनी या एका लाइनसाठी स्वतंत्र कंपनी काढली. २००६ मध्ये मालगाड्या सुरू झाल्या, डिसेंबर २००७ मध्ये प्रवासी गाडी.

इथे का जमलं? जमीन आधीच रेल्वेची होती. मालगाडीचं उत्पन्न समोर दिसत होतं. आणि लाइन झाल्यावर चालवणार रेल्वेच, म्हणून रेल्वेला त्यात स्वतःचा फायदा दिसत होता. मालकी, पैसा आणि चालवणं यांत भांडण नव्हतं.

के-राइड : शहरात अडलं

शहरात हे तिन्ही उलटं झालं. २०१६ मध्ये बंगळुरूच्या नागरिकांनी 'चुकुबुकु बेकु' म्हणजे 'झुकझुक गाडी हवी' अशी मोहीम उभारली. त्याआधी आणि नंतर अहवाल येतच होते. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे १६० किलोमीटर आणि १७,००० कोटी अशी घोषणा झाली. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने १४८ किलोमीटर आणि १५,७६७ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २० टक्के केंद्र, २० टक्के राज्य, ६० टक्के कर्ज. कर्ज जर्मनीच्या आणि युरोपच्या विकास बँकांकडून.

चार मार्ग. त्यांना फुलांची नावं दिली. संपिगे म्हणजे चाफा, मुख्य स्टेशनपासून यलहंकामार्गे देवनहळ्ळी. मल्लिगे म्हणजे मोगरा, बैयप्पनहळ्ळी ते चिक्कबाणावर. पारिजात, केंगेरी ते व्हाइटफील्ड. आणि कनक, हीललिगे ते राजानुकुंटे. माझ्या पुतण्याची गाडी ती पारिजात. २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांनी पायाभरणी केली आणि चाळीस महिन्यांत काम पूर्ण होईल असं सांगितलं गेलं. चाळीस महिने ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. एकाही मार्गावर गाडी नाही.

काय झालं? काम आधी मल्लिगेचं सुरू झालं, मग कनकचं. ज्या मार्गाला सर्वांत जास्त मागणी, तो विमानतळाचा संपिगे मागे राहिला. विमानतळाला मेट्रोही जाणार, मग समांतर रेल्वे कशाला, असा आक्षेप वरून येत राहिला. २०२५ मध्ये मोठ्या कंत्राटदार कंपनीने जागा वेळेवर ताब्यात मिळाली नाही असं सांगून दोन्ही मार्गांचं काम सोडलं. कंपनीच्या प्रमुखपदी राज्याचा प्रशासकीय अधिकारी असावा की रेल्वेतला मुरलेला इंजिनिअर, यावर केंद्र आणि राज्य यांच्यात बरीच ओढाताण झाली. आणि २०२३ मध्ये के-राइडने मैसूर, तुमकूर, कोलार, होसूर, गौरीबिदनूर अशा आसपासच्या गावांपर्यंत ४५२ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास करायची परवानगी मागितली, तेव्हा दक्षिण पश्चिम रेल्वेने ती नाकारली. पुढे रेल्वेने स्वतःच बंगळुरूभोवती २८७ किलोमीटरच्या वर्तुळाकार रेल्वेची योजना पुढे आणली. रेल्वे या कंपनीत ४९ टक्क्यांची भागीदार आहे, हे विसरू नका.

शिपायाच्या नजरेतून

कोणाला दोष देणं सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण रेल्वेची बाजूही खरी आहे. तिच्या रुळांवरून आधीच लांबच्या गाड्या आणि मालगाड्या धावतात. शेजारी नवे रूळ टाकायचे म्हणजे तिची जमीन, तिचे सिग्नल, तिचे पूल यांना हात लावावा लागतो. अपघात झाला तर लोक के-राइडला नाही, रेल्वेला विचारतील.

तरुणपणी मी मिलिटरी स्पेशल गाडीचा ओसी ट्रेन म्हणून गेलो आहे. ओसी ट्रेन म्हणजे त्या गाडीचा कमांडर. शेकडो जवान, शस्त्रं, लंगर, सगळं माझ्या हुकमाखाली. पण गाडी एक इंचही माझ्या हुकमाने हलत नाही. ती हलते सेक्शन कंट्रोलरच्या हुकमाने. त्याने पुढचा सेक्शन मोकळा दिला तरच सिग्नल पडतो. मेल गाडी मागून येत असेल तर आम्ही साइडिंगला उभे. आणि ते बरोबरच आहे, नाहीतर दोन गाड्या एकमेकींवर आदळतील. पण यातून एक शिकलो. डब्यावर तुमची पाटी असली म्हणून रूळ तुमचे होत नाहीत.

फौजेत याला आम्ही कमांडची एकवाक्यता म्हणतो. एका मोहिमेला एकच कमांडर. मदतीला तोफखाना येईल, विमानं येतील, पण त्या दिवशी हुकूम एकाचाच. के-राइडमध्ये पैसा दोघांचा, जमीन एकाची, तातडी दुसऱ्याची आणि शेवटचा हुकूम कोणाचा, हे कागदावर स्पष्ट नाही. ५१ आणि ४९ हे आकडे भागभांडवलाचे असतात. त्यावरून हुकूम ठरत नाही.

आपल्याकडे यातून शिकण्यासारखं बरंच आहे. मुंबईत १९९९ पासून मुंबई रेल्वे विकास कॉर्पोरेशन आहे. तिथे ५१ टक्के रेल्वेचे, ४९ राज्याचे. ती बांधते, आणि मध्य व पश्चिम रेल्वे चालवतात. तिची कामंही रखडतात, पण लोकल आधीपासून होती. म्हणून रेल्वेला ती आपली जबाबदारी वाटते. आणि महाराष्ट्राने नंतर काढलेली महारेल ही निम्म्या-निम्म्या भागीदारीची. पुणे-नाशिक ही सुमारे २३५ किलोमीटरची जलद लाइन तिनेच आखली. राज्याने मान्यता दिली, जमिनीचं काम सुरू झालं, काही शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्याही. मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल म्हणून रेल्वेने तो मार्ग मान्य केला नाही. दुर्बीण काही काल बांधलेली नाही, ती तीस वर्षं तिथे आहे. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरच्या शेतकऱ्याने मग कोणाकडे जायचं? आखणाऱ्याकडे, पैसे देणाऱ्याकडे, की चालवणाऱ्याकडे?

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात नव्या रेल्वेची, नव्या कंपनीची घोषणा झाली, तर किती कोटी आणि किती महिने एवढंच विचारू नका. तीन प्रश्न विचारा. जमीन आज कोणाच्या नावावर आहे? गाडी सोडायचा अधिकार कोणाचा असेल? आणि दोन भागीदारांचं पटलं नाही तर निर्णय कोण देईल, किती दिवसांत देईल? याची उत्तरं लेखी असतील तर ती लाइन होईल. नसतील तर नकाशा छान छापला जाईल आणि आपली मुलं बसमध्येच उभी राहतील.

मैसूरला हे १८८६ मध्ये कळलं, आणि विश्वेश्वरय्यांनी त्यावर इलाज सुरू केला. बंगळुरूच्या लोकलला अजून उशीर झालेला नाही असं मी म्हणणार नाही, झालाच आहे. पण संपिगेचा मार्ग आजही मोकळा आहे, १९१५ चे भराव तिथेच आहेत. देवनहळ्ळी, दोड्डजाला, आवती, नंदी हॉल्ट इथली त्या छोट्या गाडीची जुनी दगडी स्टेशनं अलीकडे दुरुस्त केली आहेत. कधी नंदी हिल्सला गेलात, तर एखाद्या स्टेशनावर थांबून बघा.

पुढच्या भागात आपण मिरज जंक्शनबद्दल बोलू. तीन गेजचे रूळ एका यार्डात कसे आले, आणि त्यामुळे त्या गावात संगीत आणि दवाखाने कसे फुलले, ही गोष्ट. तोपर्यंत रजा घेतो. जय हिंद.